साठीनंतरच्या अनुताई

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे किती सहज तोंडात येते! सासूबाई कपाळावरचा चष्मा घरभर शोधत फिरल्या की नातवंडं खिदळतात आणि घरातलं कुणीतरी ही म्हण हमखास टाकतं. सासूबाईही हसतात. पण पुढच्या वेळी काही सापडलं नाही तर त्या विचारत नाहीत, गप्प बसून राहतात. हे गप्प बसणं मी बोईसरच्या आमच्या इमारतीत मजल्या-मजल्यावर बघते.

मला ही म्हण ऐकली की अनुताई वाघ आठवतात. आपल्या पालघर जिल्ह्यात बालवाडी म्हटलं की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही दोन नावं आलीच. त्यांच्या बालशिक्षणाच्या कामावर भरपूर लिहिलं गेलंय. मला आज त्यांच्याबद्दल वेगळंच सांगायचंय. मैत्रिणींनो, ही बाई आयुष्यभर शिकत राहिली, आणि वय वाढलं म्हणून थांबली नाही. आपल्या घरातल्या साठी-सत्तरीच्या बायकांकडे बघताना मला त्यांचं हे रूप जास्त जवळचं वाटतं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. अष्टविनायकातल्या मोरेश्वराचं मोरगाव, तेच. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं, हे आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेलं आहे. घरातला एक कोपरा, तिथेच तिनं बसायचं, कुणाच्या शुभकार्यात पुढे यायचं नाही, नवं काही मागायचं नाही. तेरा वर्षांची पोर, पण तिचं आयुष्य झालं असं सगळ्यांनी धरूनच चालायचं.

अनुताई त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. नातेवाइकांची आणि समाजाची बोलणी होतीच, तरी त्यांनी शाळा धरली. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनल झाल्या. ही त्या वेळची सातवी. ती पास झालं की मास्तरकी मिळायची. मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. चांदवडला चार वर्षं शिकवलं. १९३३ मध्ये पुण्याच्या हुजूरपागेत लागल्या.

इथे दुसरी एखादी असती तर म्हणाली असती की झालं, पोटापाण्याचं भागलं. पण अनुताईंची मॅट्रिक राहिली होती. दिवसा त्या वर्गात बाई म्हणून उभ्या राहायच्या आणि रात्री रात्रशाळेत विद्यार्थिनी म्हणून बाकावर बसायच्या. १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

आणखी आठ वर्षांनी, १९४५ मध्ये, बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांसाठी शिबिर होतं. तिथे त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. हुजूरपागेसारखी शाळा, पुण्यासारखं शहर, हे सगळं मागे ठेवून पस्तिसाव्या वर्षी अनुताई बोर्डीला आल्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर नाव कमावून झालेलं होतं. आपल्याकडे त्रेपन्नाव्या वर्षी बायका मुलीच्या लग्नाच्या आणि नवऱ्याच्या निवृत्तीच्या गोष्टी करतात. ताराबाई मात्र बोर्डीत नवी बालवाडी काढत होत्या, तीही वेशीबाहेर ठेवलेल्या वस्तीतल्या मुलांसाठी.

बोर्डीतली ती वर्षं म्हणजे कामाचा डोंगर होता. मुलांना वस्तीतून बोलावून आणायचं, आंघोळी घालायच्या, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग शिकवायचं. माँटेसरीची साधनं महाग. ती कुठून आणणार? म्हणून समुद्रावरचे शिंपले, झाडांच्या बिया, पानं, खडे, माती हीच साधनं केली. पुण्याच्या मुलींना शिकवण्याची सवय असलेल्या बाईला इथे पाटी पुसून नव्यानं सुरुवात करावी लागली. मुलं वेगळी, त्यांची बोली वेगळी, त्यांच्या घरची रीत वेगळी.

दहा-बारा वर्षांनी सगळा संसार कोसबाडच्या टेकडीवर हलला. ताराबाई पासष्टीला आलेल्या. या वयात माणसं गावाकडे घर बांधून निवांत राहायचा विचार करतात. या दोघींनी वारली पाड्यांच्या मधोमध विकासवाडी उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बाई पाड्यावरच्या अंगणात गेल्या, त्यातून अंगणवाडी झाली. थोडी मोठी मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा आपल्या इथला शब्द देशभर गेला.

पण माझ्या मनात घर करून बसलेलं वर्ष आहे १९६१. त्या वर्षी अनुताई एस.एन.डी.टी.च्या बी.ए. झाल्या. वय एक्कावन्न. डोळ्यांचा विकार मागे लागलेला. बढतीसाठी पदवी हवी होती म्हणावं तर टेकडीवर कसली बढती? सकाळपासून पोरांमध्ये, पाड्यांवर, आणि मग पुस्तकं. डोळे साथ देत नसताना अभ्यास कसा होतो, हे ज्यांनी मोतीबिंदूच्या आधीचे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको.

आता थोडं मेंदूबद्दल सांगते, कारण मला अनुताईंची गोष्ट त्याच्याशी जोडून सांगायची आहे.

मेंदूतज्ज्ञ एक कल्पना मांडतात. आपण तिला मेंदूची शिल्लक म्हणू. घर चालवताना आपण डब्यात दोन पैसे बाजूला टाकतो ना, तसं. शिकणं, वाचणं, हिशोब करणं, नवी भाषा, नवं कौशल्य, माणसांशी बोलणं-वागणं यातून मेंदूत जास्तीच्या वाटा तयार होतात. म्हातारपणी आजाराने काही वाटा बंद झाल्या तरी या जास्तीच्या वाटांवरून काम काही काळ चालू राहतं. अमेरिकेत १९८६ मध्ये जोगिणींवर म्हणजे चर्चच्या नन्सवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ६७८ जणी होत्या, आणि त्यांनी मृत्यूनंतर स्वतःचा मेंदू तपासणीसाठी द्यायचं कबूल केलं होतं. त्यातल्या एक सिस्टर मेरी एकशे एक वर्षं जगल्या. शेवटपर्यंत स्मरणशक्तीच्या चाचण्या छान सोडवायच्या. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर! आजार होता, पण बाहेर दिसला नव्हता. या सिस्टर मेरीही जन्मभर शिक्षिकाच होत्या.

मग मनात येतं, ज्यांना लहानपणी शाळाच मिळाली नाही त्यांचं काय? आपल्या आया, सासवा, मावश्या? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर थोडं कडू आहे. आपल्या देशात साठ वर्षांवरच्या लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. साठीच्या पुढच्या शंभरात सातापेक्षा थोड्या जास्त लोकांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असावा, असा त्यांचा अंदाज आहे. देशभरात मिळून साधारण ८८ लाख माणसं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५.८ टक्के, तर बायकांमध्ये ९ टक्के. शहरापेक्षा खेड्यात जास्त. आणि शिक्षण जितकं कमी तितका धोका अधिक. मुलीला शाळेतून काढून घरी बसवलं त्याची वसुली अशी साठ वर्षांनी होते.

पण शिल्लक उशिरानेही टाकता येते, हे दिलासा देणारं आहे. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना, त्यातही बहुतेक बायकाच, सहा महिने वाचायला शिकवलं गेलं. अक्षरं आपलीच, देवनागरी. आधी आणि नंतर मेंदूची स्कॅन काढली, तर मेंदूच्या अगदी आतल्या, खोल भागातसुद्धा बदल दिसले. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या बायका बहुतेक तिशीतल्या होत्या, म्हणून सत्तरीत तंतोतंत तसंच होतं असा दावा मी करणार नाही. मात्र सत्तरीत शिकता येतं की नाही हे बघायला लांब जायलाच नको. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून पुढच्या आज्या, गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. अंगठा द्यायच्या त्या सही करायला लागल्या.

आमच्या बोईसर-तारापूरकडे वेगळीच गंमत आहे. इथे एमआयडीसी आली, अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये चालू झालं, आणि माणसं कुठून कुठून येऊन राहिली. गावच्या वाडीत राहणारी सासू मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आली. गावी ती काय काय करायची! भाताचं मळणीपासून कणगीपर्यंतचं गणित तिच्याकडे. सुके बोंबील कधी वाळत टाकायचे, कधी काढायचे, पापडाला पीठ किती, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात गेली तर कुणाकडे किती उधारी, सगळं तोंडपाठ. इथे आल्यावर सून प्रेमाने म्हणते, आई, आता तुम्ही बसा, आयुष्यभर केलंत. मुलगा टीव्ही लावून देतो. चार महिन्यांत आई गप्प. वर्षभरात तेच तेच विचारायला लागते. मग आपण डोक्याला हात लावतो.

मला स्पष्ट सांगायचंय, हे प्रेमाने बसवणं मला मुळीच पटत नाही. तेराव्या वर्षीच्या अनुताईंना समाज रूढीपायी बसवू पाहत होता, आणि आपण पासष्टीच्या बाईला मायेपोटी बसवतो. तिच्या अंगाने दोन्ही सारखंच. तिच्याकडून कुणाला काही नको असतं. भाजी निवडायला देणं हे काम झालं, पण डोक्याला खाद्य काय? हिशोबाची वही त्यांच्याकडे असू दे. दूधवाल्याचं, इस्त्रीवाल्याचं त्यांनी बघावं. चुकेल दहा रुपयांनी, चुकू दे. आमच्या भिशीत आम्ही एक केलंय. दर महिन्याला ज्या घरी भिशी, त्या घरच्या आजीने एक जुना पदार्थ किंवा जात्यावरची ओवी आम्हाला शिकवायची. लिहून घ्यायचं काम आमचं. एका आजींनी तर आमच्या मोबाइलवर आवाज भरायला शिकून आपल्या भाचीला गाणी पाठवली! वाड्यातल्या भाचीचं उत्तर आलं की आजी दिवसभर खूश.

पुन्हा कोसबाडला येते. ३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली. अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. स्वतःचं मूल नाही, संसार नाही, आणि जिच्या मागोमाग या रानात आलो ती गुरूसारखी मैत्रीण नाही. हा धक्का खचून जाण्याजोगा होता. म्हातारपणीचं एकटेपण आणि मनाची उदासी या दोन्ही गोष्टी मेंदूला पोखरतात, हे आता डॉक्टर ठामपणे सांगतात. अनुताईंनी संस्थेची सगळी जबाबदारी अंगावर घेतली. शिक्षणपत्रिका हे मासिक सांभाळलं. स्त्रियांसाठी सावित्री नावाचं मासिकही चालवलं. म्हणजे लेख मागवा, तपासा, पत्रं लिहा, पाठपुरावा करा. माणसांचा राबता कमी झाला नाही, वाढलाच.

आणि १९८२ साली, बहात्तराव्या वर्षी, पुन्हा नवी सुरुवात! रमेश पानसे यांच्या सोबतीने ग्राममंगल संस्था काढली आणि डहाणू तालुक्यात आणखी आत, दाभोणला काम मांडलं. कोसबाड बऱ्यापैकी नावारूपाला आलेलं होतं. तिथे त्या मानाने बसून राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली, १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. या वयात पुरस्कार मिळाले की माणूस सत्काराच्या शाली मोजत बसतो. अनुताईंचा जीव दाभोणच्या पोरांत होता. त्या अनुभवांवर दाभोणच्या जंगलातून हे पुस्तक त्यांनी लिहिलं. लिहिणं हासुद्धा मेंदूला मोठा व्यायाम बरं का! आठवायचं, क्रम लावायचा, शब्द शोधायचा.

एक खुलासा मात्र केलाच पाहिजे, नाहीतर कुणाचं तरी मन दुखेल. ज्यांना स्मृतिभ्रंश होतो त्या बायका कमी शिकल्या किंवा आळशी होत्या असा अर्थ कृपा करून काढू नका. चांगल्या प्राध्यापक बाईंनाही तो होतो. वय आणि अनुवंश आपल्या हातात नाहीत. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये सांगितलं, की चौदा गोष्टी अशा आहेत ज्या सांभाळल्या तर साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. म्हणजे उरलेल्या निम्म्याहून जास्तावर आज आपला इलाज नाही. त्या चौदांत शिक्षण आहे, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन आहे, तंबाखू-दारू आहे, डोक्याला मार आहे, हवेचं प्रदूषण आहे (आमच्या बोईसरकरांनी याकडे जरा लक्ष द्यावं!), बसून राहणं, एकटेपण आणि नैराश्य आहे. आणि दोन गोष्टी ज्यांकडे आपण हमखास दुर्लक्ष करतो: कान आणि डोळे.

आईला ऐकू येत नाही म्हणून आपण तिच्याशी कामापुरतंच बोलतो. ती चुकीचं उत्तर देते आणि आपण म्हणतो भ्रमिष्ट झाली. आधी कान तपासा. कानात मळ साठलेला असला तरी असं होतं. मशीन लागलं तर लाजायचं कशाला, चष्मा लावतोच ना? मोतीबिंदू पिकायची वाट बघण्याचे दिवस गेले, डॉक्टर सांगतील तेव्हा ऑपरेशन करून घ्या. आमच्याकडे तारापूर-चिंचणीला घरोघरी डायमेकिंगचं बारीक काम चालतं, तिथल्या बायकांना नजरेची किंमत वेगळी सांगायला नको.

विसरण्यातही फरक आहे. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वेगळं, आणि किल्लीचं काय करायचं हे विसरणं वेगळं. शेजारणीचं नाव पटकन आठवलं नाही आणि संध्याकाळी आठवलं, तर काळजी नको. पण रोजच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, नोटा ओळखता न येणं, भाजी करता करता पुढची पायरी न सुचणं, शांत बाई एकाएकी संशयी किंवा चिडखोर होणं, यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका आणि बाहेरचं काही म्हणून अंगारे-धुपारेही करू नका. थायरॉइड बिघडला, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, मन उदास झालं किंवा चुकीची औषधं एकत्र झाली तरी माणूस विसराळू होतो, आणि यावर उपचार आहेत. जवळ सोय नसेल तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७. दोन्ही फुकट आहेत. हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि जी सून किंवा मुलगी अशा आईला सांभाळते, तिला आठवड्यातून चार तास तरी सुट्टी द्या. हे घरातल्या पुरुषांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहितेय.

कधी सवड मिळाली तर कोसबाडकडे जाऊन या. बोईसरहून डहाणूची गाडी पकडली की वाणगावनंतरचं स्टेशन डहाणू रोड. तिथून पुढे चिकूच्या वाड्या लागतात आणि मग टेकडी. अनुताईंनी या भागात पायी किती अंतर तुडवलं असेल याचा अंदाज तिथे गेल्यावर येतो.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई गेल्या. ब्याऐंशी वर्षांचं आयुष्य. त्यातली सत्तेचाळीस वर्षं आपल्या या पट्ट्यात, बोर्डी, कोसबाड आणि दाभोणला. ग्राममंगलचं काम त्यांच्यामागेही चालू राहिलं, आणि अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या, पोरांना गाणी शिकवणाऱ्या बाई आज आपल्या प्रत्येक पाड्यावर आहेत. त्यांतल्या कितीतरी जणी आता स्वतःच साठीला आल्यात.